पाणी कुठल्या रंगाचं

तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो.
मांडवातला ऊस अजून बाल्कनीत उभा होता.
हेमलता म्हणाली, गुडघे माझे, विमान तुमचं. जाऊन या.
ऐरोली ते मॉन्टेव्हिडिओ
दीड दिवस, तीन विमानं,
आणि प्रत्येक विमानात तोच गार बटाटा.

उतरलो तर तिथे वसंत संपत आलेला.
कार्तिकात.
नीलमोहर फुटपाथभर सांडलेला,
आणि कुठल्याशा रुंद पानांच्या झाडांची पिवळी लव
सावरीच्या म्हातारीसारखी उडत
डोळ्यांत, नाकात. सगळं शहर शिंकत होतं.
निहार म्हणाला, बाबा, हे इथलं स्वागत.

दुपारी सूर्य उत्तरेला.
बत्तीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात बॉयलरचे काटे वाचले,
दिशेला कधी चुकलो नव्हतो.
तिथे रोज समुद्राकडे म्हणून निघायचो
आणि भाजीबाजारात पोचायचो.
रात्री चंद्रावरचा ससा उलटा टांगलेला, कान खाली.
मी खिडकीत मान वाकडी करून
त्याला सरळ करत बसलो.

समुद्र म्हणावं, तर ती नदी.
नदी म्हणावं, तर पलीकडचा काठ नाही.
आमच्याकडे याला खाडी म्हणतात आणि विषय मिटवतात.
खडकांवर गळ टाकून म्हातारे,
बादलीत कोर्विना,
आपल्या ढोम्याची मावसबहीण, तोंडावरून कळतं.
एकाला खुणेनं विचारलं, खारं की गोडं?
त्यानं हात पालथा-उताणा केला
आणि वाऱ्याकडे बोट दाखवलं.

आठ वाजत आले तरी अंधार नाही.
किनाऱ्याच्या कठड्यावर सगळं गाव बसलेलं,
ज्याच्या त्याच्या काखेत थर्मास, तान्हं मूल धरावं तसा.
भोपळ्याच्या भांड्यात कडू पाला, वर गरम पाणी,
धातूची एकच नळी
आणि ती सगळ्यांच्या तोंडी.

हा चौथीत होता तेव्हा याला मी मारलं होतं,
दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावलं म्हणून.
आता याचं उष्टं माझ्या हातात.
याची मैत्रीण, तिचा भाऊ, भावाचं कुणीतरी,
सगळे बघताहेत.
प्यायलो. कारल्याला ताप आल्यासारखी चव.
भांडं परत देताना
येत होता तो एकच शब्द वापरला: ग्रासियास.

भांडं मग माझ्याकडे आलंच नाही.
तीन फेऱ्या झाल्या. मी पाण्याकडे बघत राहिलो.
घरी जाताना निहार म्हणाला,
इथे आभार मानले की अर्थ होतो, पुरे, आता नको.
हवं असेल तर गप्प राहून भांडं परत द्यायचं.

गप्प राहणं मला येतं.
अठरा संध्याकाळी आम्ही दोघं बसलो.
पाणी, भांडं, पाणी.
हप्त्यांचं बोललो, त्याच्या विरळ होणाऱ्या केसांचं,
एकदा आईच्या गुडघ्यांचं.
शेवटून दुसऱ्या दिवशी तो म्हणाला,
मी परत येईन असं वाटत नाही.
मी भांडं घेतलं, शोषलं, दिलं.

विमानतळावर गालाला गाल लावला, तिथल्यासारखा,
आणि म्हणाला, बाबा, आलात, थँक्स.

तपासणीच्या रांगेत पट्टा काढत होतो
तेव्हा लक्षात आलं
मी ते कुठल्या भाषेत ऐकलं.

आता खाडीच्या कडेनं
मीही काखेत थर्मास घेऊन फिरतो.
पदाजी मढवीनं एक घोट घेतला, तिवरांत थुंकला.
अण्णा, हे पिऊन जाळं कोण ओढतं तिकडे?

हेमलतानं विचारलं होतं आल्या आल्या,
पाणी कुठल्या रंगाचं?
आपल्या खाडीच्या. चहात दूध कमी पडलं की होतो तसं.
मग एवढ्या लांब कशाला गेलात?

आज तीही आली, बाकापर्यंत, हळूहळू.
नळी पदरानं पुसली नाही.
तोंड वाकडं केलं, भांडं परत दिलं,
काही म्हणाली नाही.
मी पुन्हा भरलं.